सतरंजीवरची गिटार

आमच्या गायन पार्टीचा एक दंडक होता. नवं वाद्य घ्यायचं तर दुकानात गाणारा माणूस बरोबर न्यायचा. वाजवणारा एकटा गेला आणि काही घेऊन आला, तर ते वाद्य कितीही गोड असो, पार्टीत बसत नसे. आमची गाणी बाबासाहेबांची, बुद्धाची, शाळेची, पाण्याची. लोक शब्द ऐकायला यायचे. मैदानात सगळ्यात मागे, तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला शब्द कळला नाही, तर कार्यक्रम फुकट गेला असं आम्ही धरत असू.

आमचे हे, सीताराम, पार्टीत बेंजो वाजवायचे. आता लोकांना बेंजो म्हणजे वरातीतलं वाद्य वाटतं. तोच तो. लाकडी खोका, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. त्यांनी तो घेतला तेव्हा दुकानात मी बरोबर होते, कारण मी कोरसला गायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुकानदारासमोर उभं राहून गायचं म्हटल्यावर मी पदर तोंडाशी धरला. कुंडलिक भावजी म्हणाले, "वहिनी, पदर ऐकायला आलोय का आम्ही?" कुंडलिक भावजी आमचे मुख्य गायक. अजून गातात. गुडघे गेले, दात गेले, आवाज मात्र कुठे जायला तयार नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा. मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी नाहूरला घरी येऊन गिटार वाजवते. कुंडलिक भावजींनी एकदा तिला विचारलं, "त्याच बोटांनी सुई टोचतेस का गं?" तर म्हणाली, "हो आजोबा, म्हणून तर कोणाला दुखत नाही."

हे गेल्यापासून सतरंजीवर कुंडलिक भावजींच्या डाव्या हाताची जागा रिकामी राहिली होती. कीबोर्डवाले यायचे, सुपारी घेऊन वाजवून जायचे, पण त्यांना स्टँड लागतो, खुर्ची लागते. सतरंजीवर कोणी बसायचं नाही. ती जागा मित्राला हवी होती. लहान असताना कार्यक्रम लांबला की ती तिथेच आजोबांच्या मांडीला टेकून झोपायची. झोपेतही ठेक्याला पाय हलवायची.

भावजींना गिटार पसंत नव्हती. गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रा, असं त्यांच्या डोक्यात पक्कं. तरी माझ्याकडे बघून त्यांनी जयंतीच्या आधीच्या तालमीला तिला बसवलं. मित्राने कोणाकडून तरी जुना अॅम्प आणला होता, गिटारचा आवाज मोठा करणारा तो स्पीकरचा खोका. विशालने, माझ्या मुलाने, तो विहारात उचलून नेला आणि पाठ धरून बसला. दुसऱ्या कडव्यापर्यंत बरं चाललं. मग खोका गुणगुणायला लागला, मग घरघरायला लागला, आणि भावजी बाबासाहेबांच्या शाळेच्या दिवसांबद्दल गात असताना एकदम भोकाड पसरून बंद पडला. भावजी गायचे थांबले.

"पोरी," ते म्हणाले, "गायचं मी की त्या डब्याने?"

सगळे हसले. मित्राही हसली, पण गिटार लगेच पिशवीत घातली. जयंतीला कीबोर्डवाला मिथुन वाजवून गेला. मग मी भावजींकडे शब्द टाकला आणि ते म्हणाले, बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी अजून एक तालीम. जमलं तर जमलं. नाही तर मिथुनला कायमचं ठरवून टाकू, वहिनी, दर वेळी माणूस शोधायचं वय राहिलं नाही माझं.

त्यामुळे मित्राच्या हातात एवढी एकच तालीम होती, आणि अॅम्प नव्हता.

तिने मोबाइलवर शोधाशोध सुरू केली. जेवताना, भांडी पुसताना, कानात वायर आणि डोळे पडद्यावर. एकदा मी विचारलं तेव्हा तिने नीट बसून समजावलं. आता अॅम्प न्यायचाच नाही. एक चपटा डबा मिळतो, तो जमिनीवर ठेवून पायाने चालवायचा. वेगवेगळ्या अॅम्पचे आवाज त्यात भरलेले असतात. गिटारची वायर त्यात घालायची आणि त्याची वायर थेट विहाराच्या लाऊडस्पीकरला द्यायची.

"मग खरा अॅम्प कुठे असतो?"

"कुठेच नसतो. हा त्याची नक्कल करतो."

"आमच्यात नक्कल करणाऱ्याला पार्टीतून काढायचे."

"आजी, खरा अॅम्प काय करतो ते बघितलंस ना तू?"

तेही खरं होतं. मी तिच्याबरोबर ते व्हिडिओ बघायला बसले. तिच्या ऐपतीत बसतील असे पाचसहा डबे होते आणि प्रत्येकाबद्दल दहा जण दहा गोष्टी सांगत होते. याचा आवाज खरा, त्याचा खोटा. याची बटणं मजबूत, त्याचं प्लास्टिक. एक मुलगा तर नुसता खोका उघडायलाच इतका वेळ लावत होता की मी डाळीला फोडणी देऊन आले तरी त्याचा थर्माकोल निघालेला नव्हता. सगळे आपापल्या खोल्यांत दार लावून, एकेकटे वाजवत होते.

"यातलं कोणी गात का नाही?" मी विचारलं.

मित्राने व्हिडिओ थांबवला. 

"आजी, शनिवारी काय करतेस तू?"

"मी काय करणार? गुडघ्याला तेल लावते."

"मग अंधेरीला चल. तेल तिकडे लावू."

कुंडलिक भावजींना का नेत नाहीस असं मी म्हणून पाहिलं. "परीक्षा घेणाऱ्यालाच पेपर फोडायला नेऊ का?" ती म्हणाली. मी कबूल झाले, पण मनातून घाबरले होते. हे गेल्यापासून मी चार माणसांत गायले नव्हते. कोणी मनाई केली नव्हती. शेजारून बेंजो यायचा तिथे काहीच यायचं नाही, म्हणून तोंड उघडत नसे एवढंच.

शनिवारी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेलो. दुकान पहिल्या मजल्यावर. भिंतीवर गिटारी अशा टांगलेल्या की मला वाटलं एखादी पडली तर आपल्याला भरून द्यावी लागेल. मी पर्स पोटाशी धरून चालले. एका कोपऱ्यात दाढीवाला तरुण स्टुलावर बसून इतकं भरभर वाजवत होता की त्याला कुठेतरी पोचायची घाई आहे असं वाटावं.

आमच्याकडे आला तो दिपेश. वर्सोव्याचा कोळी मुलगा, ते त्याने नंतर सांगितलं. आधी त्याने माझ्यासाठी खुर्ची आणली, मग पाणी, आणि मग मित्राला विचारलं, "कुठे वाजवणार?"

"विहारात. तिथे लाऊडस्पीकरवाल्याचं मिक्सर असतं. आत दोन बॉक्स, बाहेर भोंगा."

"भोंगा?"

"भोंगा."

"वाट लागली," दिपेश शांतपणे म्हणाला. "मग हेडफोन लावून पसंत करू नकोस. हेडफोनवर सगळेच डबे झकास वाटतात. इथल्या भारी अॅम्पला लावूनही उपयोग नाही. थांब."

तो आत गेला आणि स्पीकरचा एक धुळकट बॉक्स घेऊन आला, आमच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे असतो तसाच. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी आपल्या दुकानातला चांगला माल बाजूला ठेवून असला बॉक्स पुसत बसणारा माणूस मला तरी रोज भेटत नाही.

डबे दोनच समोर आले. बाकीचे दिपेशने बोलण्यातच बाद केले. एक मोठा, लॅपटॉपएवढा, रंगीत पडद्याचा, उजवीकडे शिलाई मशीनसारखं पायडल. मित्राच्या बजेटच्या अगदी काठावरचा. दुसरा जेवणाच्या डब्याएवढा, वर हाताने फिरवायची साधी बटणं, खाली पायाने दाबायची दोन. स्वस्त.

मित्राचे डोळे मोठ्यावरच होते. किती आवाज आहेत याच्यात, ती विचारत होती आणि दिपेश पायाने एकेक दाखवत होता. देवळातल्यासारखा घुमणारा, पाण्याखालून आल्यासारखा, रेडिओसारखा. मग तो म्हणाला, "हा माझा. हळदीचा. मी स्वतः बनवून ठेवलाय. कोळीवाड्यात हळदीला बेंजो लागतोच, आणि आमचा बेंजोवाला म्हातारा झाला. आता मी गिटारवर भागवतो."

त्याने पायाने बटण दाबलं आणि मित्राने दुकानातल्या गिटारची तार छेडली.

मी खुर्चीत बसले होते म्हणून बरं. तोच आवाज. जरा चिरका, तारेवर तार घासल्यासारखा, शेवटाला थरथरणारा. मित्राच्या बोटांत आजोबांचं एक वळण आहे, ते तिला माहीत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ती मधे जराशी रेंगाळते. ते वळण आणि तो आवाज एकत्र आले आणि माझ्यासमोर आमची जुनी खोली उभी राहिली. मोरीपाशी स्टोव्ह, दारात चपला, आणि हे भिंतीला टेकून बेंजो लावताहेत.

"हाच घे," मी म्हणाले.

मित्राने वाजवणं थांबवून माझ्याकडे बघितलं. माझे डोळे भरले होते, ते तिला दिसलं. दिपेशने दुसरीकडे बघून वायर गुंडाळायला घेतली.

"घेऊ?" मित्रा म्हणाली.

"घे. कमी पडले तर मी घालते. कुंडलिक भावजींना हा आवाज ऐकू दे, बघ कसे गप्प बसतात ते."

तिलाही मोह पडला होता, मला कळत होतं. हा आवाज घेऊन ती सतरंजीवर बसली असती तर तिला कोणी ऊठ म्हणालं नसतं. पण ती पोरगी रोज रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते आणि दोनदा वाचून बघते. म्हणाली, "आजी, आपण गायला आलोय ना? गा."

मी पाणी प्यायले. यांनीच रचलेलं एक गाणं होतं, महाडच्या तळ्याचं, ते सुरू केलं.

*ओंजळीत माझ्या पाणी आलं,*
*पाण्याला माझं नाव कळलं...*

पहिली ओळ जेमतेम निघाली. आवाज जुन्या दाराच्या कडीसारखा वाजला. दुसऱ्यांदा बरा निघाला. मित्रा खालून वाजवत होती, पूर्ण गाणंभर, तिच्या पद्धतीने, सगळ्या तारा मिळून. बॉक्समधून बेंजो भरभरून येत होता आणि मी गात होते, आणि माझं मलाच 'पाणी' ऐकू येईना.

मी अजून जोर लावला. वय झालेल्या बाईने जोर लावला की जे होतं ते झालं. मला ठसका लागला.

खोकता खोकता मला यांचा हात आठवला. गाणारा शब्दावर आला की हे बटणांवरून बोटं उचलून हात तसाच हवेत धरायचे. शब्द संपून गाणाऱ्याने श्वास घेतला की तेवढ्यात वाजवायचे. इतकी वर्षं शेजारी बसून मी ते बघितलं होतं, आणि नुसता आवाज ऐकून विसरले होते. तो चिरका आवाज शब्दाच्या अंगावर जाणारच. म्हणून ते शब्दाच्या वेळी थांबायचे.

मित्राला मी ते सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मग मी पण तसं वाजवते. मधे मधे. शिकेन."

"रविवारपर्यंत?"

"प्रयत्न करते."

 हो म्हटलं असतं तर तिने केलंही असतं. स्वतःचं सगळं बाजूला ठेवून आजोबांसारखे हात हवेत धरून बसली असती, आणि मी पुढच्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत राहिले असते.

"त्यांचं वाजवून झालं, बाळा," मी म्हणाले. "चांगलं वाजवून झालं. तुला काय येतं ते वाजव. दिपेश, तो लहान लाव."

लहान डब्यात आवाज थोडेच होते. मित्राने त्यातला एक साधा घेतला आणि दोन बटणं जराशी मागे फिरवली. आता गिटार जमिनीवरून चालल्यासारखी वाजत होती, गळ्याच्या खालून. मी पुन्हा तळ्यावर आले. या वेळी जोर लावावा लागला नाही.

दिपेश मान वर करून कोपऱ्यातल्या दाढीवाल्याला म्हणाला, "ए भाऊ, तिथे ऐकू येतंय का? काय म्हणतायत आजी?"

दाढीवाल्याने आपली गिटार कधीच थांबवली होती. "पाण्याला माझं नाव कळलं," तो म्हणाला. मग, "कुठलं पाणी?"

"महाडचं रे," मी म्हणाले. "शाळेत गेला नव्हतास का?"

"गेलो होतो. असं नव्हतं सांगितलं."

मी संपूर्ण गाणं म्हटलं. चारही कडवी. एका कडव्याला मित्राने वाकून बटण फिरवलं आणि गिटार थोडी वर आली, दुसऱ्याला खाली नेली. मोठ्या डब्यात हे करायला पडद्यावर दोन पानं उलटावी लागली असती, दिपेश म्हणाला. विकणाऱ्याने स्वस्त वस्तूची बाजू घेतली म्हणून मी त्याच्याकडे नीट बघितलं. "दुकान बुडेल तुझं," मी म्हणाले.

"नाही आजी. ही परत येईल. मोठा घेऊन फसली असती तर परत आली नसती."

निघण्याआधी मी त्याला म्हटलं, एकदा तुझा तो हळदीचा आवाज लाव. त्याने स्वतः गिटार घेतली आणि कोळीवाड्यातली एक चाल वाजवली, ठसक्यात, मान हलवत. यांची नव्हती ती चाल, आमचीही नव्हती. पण आवाज ओळखीचा होता. मी खुर्चीत बसून पोटभर ऐकून घेतला आणि मग उठले. मित्राने एका हातात डबा धरला आणि दुसऱ्याने मला.

रविवारी विहारात पंखे फिरत होते आणि घाम थांबत नव्हता. मित्रा सतरंजीवर भावजींच्या डाव्या हाताला बसली, डबा उजव्या गुडघ्याशी. ढोलकीवाला माणिक तिला म्हणाला, "टिफिन आणलास का?" ती म्हणाली, "हो, तुम्हाला नाही मिळणार." मी मागे भिंतीशी खुर्चीत बसले होते, दाराबाहेरच्या भोंग्याचा आवाज ऐकू येईल अशी.

भावजींनी मुद्दाम अवघड गाणं काढलं. हळू सुरू होऊन वर जाणारं, आणि वर जाताना मधेच ते पट्टी बदलतात, कोणाला न सांगता. मिथुनचाही तिथे गोंधळ उडाला होता. मित्राने त्यांच्या गळ्याकडे नजर ठेवली होती. सुई टोचण्याआधी शीर शोधताना ती अशीच बघत असणार. भावजी वर चढले. तिची बोटं क्षणभर थांबली, सरकली आणि नव्या जागी बसली. एका हाताने तिने बटण मागे घेतलं. बाहेर भोंग्यातून भावजींचा शब्द न शब्द रस्त्यावर जात होता. इस्त्रीवाली दर्शना तिच्या टेबलापाशी उभी राहून ओठ हलवत होती, ते मला दारातून दिसत होतं.

भावजींना एरवी दोन कडव्यांत दम लागतो. त्या दिवशी ते सगळं गायले आणि शेवटचं कडवं परत घेतलं.

गाणं संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं. सावकाश प्यायले. टॉवेलने तोंड पुसलं.

"पोरी, तो डबा चालू होता का?"

"हो आजोबा."

"मला वाटलं, परत बंद पडला. मला माझंच ऐकू येत होतं."

मित्राचा हात डब्याच्या बटणाकडे गेला. 

"असाच ठेव," ते म्हणाले. "हात लावू नकोस त्याला." मग माणिककडे वळून, "मिथुनला फोन लाव. म्हणावं, पौर्णिमेला दुसरीकडे सुपारी घे, चांगला वाजवतोस, राग मानू नकोस. आणि इथे डाव्या बाजूला पंख्याचं तोंड फिरव, ही बसणार आहे."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ मिळालं आहे. डोक्यावर छप्पर, शिकलेली मुलं, चांगला नवरा. तरी त्या विहारात त्या गरम दुपारी, पंखा मित्राकडे वळताना बघून मला जे वाटलं, ते मी कुठे ठेवावं मला कळत नव्हतं. मी पदराने चष्मा पुसत बसले.

"वहिनी," भावजी मागे वळून म्हणाले, "कोरसला बाई नाही. तुम्ही खुर्चीत काय करताय?"

"गुडघे आहेत ना, भावजी."

"माझेही आहेत. या."

माणिकने एका बाजूने धरलं, मित्राने दुसऱ्या. सतरंजीवर खाली बसायला मला बराच वेळ लागला आणि कोणी घाई केली नाही. भावजींनी सूर दिला. मित्राने तो गिटारवर घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी तोंड उघडलं.